चकलीच्या पेटीतली गरम बाजू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या ताईला तर नाहीच. कधीतरी गाडीत एकटा असताना ओठांपर्यंत येतं — मग सिग्नल सुटतो, मागचा हॉर्न मारतो, आणि मी परत गिळून टाकतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

गोष्ट एका सापाची आहे. हसलात तरी चालेल. सुरुवातीला आमच्या घरातही सगळे हसलेच होते.

मी रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात काम करतो. टाइल्स भाजायच्या भट्टीचं तापमान सांभाळणं — गेली कित्येक वर्षं माझं पोट यावरच चाललंय. कुठल्या टप्प्यावर किती उष्णता हवी, कुठे जराशी कमी पडली की माल वाया जातो, हे मला पडद्यावरचे आकडे न बघताही कळतं. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे ‘बिचाऱ्याला माहीत नसेल’ असं तुमच्या मनात येईल. मला माहीत होतं.

आमची गार्गी तेव्हा आठवीत होती. तिच्या वर्गमैत्रिणीचं कुटुंब कायमचं देश सोडून निघालं. इथे हे नेहमीचंच. कुणी निघालं की सोफा, फ्रिज, कुंड्या विकून टाकतात, जे विकलं जात नाही ते वाटतात. असाच एका कुटुंबाकडून आमच्याकडे मायक्रोवेव्ह आला होता, दुसऱ्याकडून तुळस. या वेळी साप आला. त्याची काचेची पेटी आधीच कुणीतरी विकत नेली होती, त्यामुळे साप आला तो झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून. कॉर्न स्नेक. बिनविषारी, नारिंगी, पेन्सिलीपेक्षा थोडा जाड. वेटोळं घालून बसला होता. मृणालने, माझ्या बायकोने, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही तर चकली.”

नाव तेच पडलं.

मला सापाची भीती वाटते. कारण विचारू नका, सांगण्यासारखं नाही. कधी चावला नाही, कधी अंगावर आला नाही. पण तो हलला की — सरपटला म्हणायला हवं — माझ्या पोटरीतलं बळ जातं. त्या दिवशी गार्गीने डबा पुढे करून विचारलं, “बाबा, कॅन वी कीप हर? प्लीज?” आणि मी म्हणालो, ठीक आहे. का म्हणालो? मृणालला भीती वाटत नव्हती. पोरीला वाटत नव्हती. घरातल्या पुरुषाने कसं म्हणायचं, की मला वाटते? एवढं एक वाक्य तेव्हा बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. साप दुसऱ्या कुठल्या तरी घरी गेला असता, इतकंच.

पेटी आणायला मी एकटाच गेलो. गार्गीची ट्यूशन होती. जाताना तिने बजावलं — पळून जाणार नाही असं झाकण, लपायला खोपटं, पाण्याचं भांडं, खाली घालायची गरम चटई, थर्मोस्टॅट आणि दोन थर्मामीटर. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. साप स्वतः ऊब तयार करू शकत नाही, हेही तिने इंग्लिशमधून समजावलं. चकलीला हवं तेव्हा गरम बाजूला जाता आलं पाहिजे. “बट यू नो ऑल धिस, इट्स युअर जॉब.”

दुकानातला माणूस मलबारी होता, गप्पिष्ट. मी पेटी धरतानाही हात लांब ठेवतोय हे त्याच्या लक्षात आलं. “सर, उसमें अभी साँप नहीं है,” म्हणाला. मी हसलो. झाकण मात्र मी सगळ्यात भक्कम निवडलं, दोन्हीकडून कड्या असलेलं. त्यावर वेगळं कुलूपही मागितलं. मग तो थर्मोस्टॅट दाखवू लागला. एकाला पडदा होता, त्यावर तापमानाचा आकडा दिसायचा. दुसऱ्याला नुसतं फिरवायचं बटण. किमतीत म्हणावा असा फरक नव्हता. मी विचारलं — अगदी सहज विचारल्यासारखं — की ऊब कमी पडली तर काय होतं?

“सुस्त हो जाता है सर. पड़ा रहता है, हिलता नहीं. खाना भी नहीं पचता. ठीक नहीं है वो.”

त्याच्या बोलण्यातलं शेवटचं मला ऐकूच आलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सगळं नीट ऐकू आलं होतं. पण मी धरून ठेवलं ते मधलं — हिलता नहीं.

मी बटणवाला घेतला. थर्मामीटर मागितलेच नाहीत. त्याने दोन समोर ठेवले, मी म्हणालो, घरी आहेत.

घरी येऊन गार्गीला सांगितलं, या थर्मोस्टॅटमध्ये सगळं आतच असतं, वेगळं मोजावं लागत नाही. तिने लगेच मान्य केलं. मैत्रिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, “माय डॅड डझ टेम्परेचर फॉर अ लिव्हिंग.” बटण मी स्वतः लावलं. हवं होतं त्याच्या बरंच खाली. वर कारखान्यातली पिवळी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणालो, याला हात लावायचा नाही, शॉक बसेल. चटई नुसती कोमट राहायची. इतकी की वरून हात लावला तर वाटावं, चालू आहे.

तुम्ही म्हणाल, आखातात राहून थंडी कुठली? पण इथला उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल. बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येत नाही, आणि घरात दिवसरात्र एसी, पायात मोजे. गार्गीच्या खोलीतल्या एसीचं तापमान मी आणखी खाली आणलं. पोरीला गरम होतं म्हणून — असं मीच मोठ्याने म्हणालो होतो.

चकली शांत झाली. कोपऱ्यात वेटोळं करून पडून राहायची. मी येता-जाता दारातून बघायचो. हलत नसायची, आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच होतं. मला झोप लागू लागली. रात्री आमच्या दाराच्या फटीला टॉवेल लावायचो, ते मी बंद केलं.

मग तिने खाल्लेलं बाहेर टाकलं. गार्गी तिला फ्रीझरमधला उंदीर द्यायची — मटारच्या पिशवीमागे एक डबा असे, मृणाल त्याला ‘पाहुणे’ म्हणायची. तो उंदीर तसाच्या तसा बाहेर आला. गार्गी घाबरली. तिने कुठेतरी वाचलं होतं की खाल्ल्यावर लगेच हातात घेतलं तर असं होतं. “मी तिला लवकर उचललं का बाबा?” रडत होती, म्हणून मराठीत बोलली. एरवी बोलत नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही.

पुढे चकलीच्या श्वासाला आवाज येऊ लागला. तोंडाशी फेस. गार्गी म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हणालो, शनिवारी नेऊ. शनिवारी म्हणालो, पुढच्या. कामाचं कारण सांगितलं. खरं कारण — डॉक्टर पहिला प्रश्न तापमानाचा विचारणार. आणि तो मला विचारणार.

तेव्हा तरी बटण फिरवायचं होतं, नाही का? मी एकदा गेलोही. चिकटपट्टीचं टोक सोडवलं. तेवढ्यात काचेपलीकडे तिने मान उचलली. माझ्याकडे बघत होती की नाही, कोण जाणे. मी टोक परत चिकटवलं आणि बाहेर आलो.

याच सुमारास सुमनताई आली होती, व्हिजिट व्हिसावर. माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, मीच आग्रह करून बोलावलं होतं. ताईला चकलीची मुळीच भीती वाटली नाही. गार्गीने तिच्या हातावर साप ठेवला तर म्हणाली, “गार आहे गं. आजारी दिसते.” दोघींचं छान जमलं. आत्या मराठीत बोलायची, पोर इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि तासन्‌तास चालायचं. एका शनिवारी आम्ही बर दुबईला देवळात गेलो, तिथल्या गल्लीत ताईने लाह्या घेतल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

नागपंचमीच्या दिवशी ताईने विळी उभी करू दिली नाही, तवा चढवू दिला नाही. मृणालने उकडीची दिंडं केली. गावाकडे पाटावर नाग काढून पुजतात. इथे तर घरात खराखुरा होता. मी अर्धी सुट्टी घेऊन जेवायला आलो तेव्हा ताई काचेला हळदकुंकू लावत होती. गार्गी पोहायच्या क्लासला गेली होती. “कुलूप काढतोस का रे,” ताई म्हणाली. किल्ली माझ्याकडेच असायची, गार्गी लागेल तेव्हा मागून न्यायची. मी कुलूप काढलं आणि मागे सरलो. तिने आत दुधाची छोटी वाटी आणि चिमूटभर लाह्या ठेवल्या. नमस्कार केला. पुटपुटली ते मला ऐकू आलं — “पोरीच्या जिवाला घोर लावू नकोस बाई, बरी हो.”

गार्गी परत आली तेव्हा चकली वाटीशेजारी पडलेली होती. हनुवटी वाटीच्या कडेला टेकलेली. गार्गीने तिला उचललं, आणि ती तिच्या हातातून दोरीसारखी लोंबली.

“आत्या, व्हॉट डिड यू गिव्ह हर?”

ताईला इंग्लिश येत नाही, पण एवढं कळलं. “दूध ठेवलं गं. आपल्याकडे ठेवतात. मला काय माहीत...”

मग मृणालसकट तिघीही माझ्याकडे बघू लागल्या. मी दारात उभा होतो. केस ओले, हातात साप, अशी माझी मुलगी मला विचारत होती, “बाबा? दुधाने?”

मी म्हणालो, “सापाला दूध पचत नाही.”

यातला शब्दही खोटा नाही. म्हणूनच इतकी वर्षं हे वाक्य कुणी माझ्याकडून परत मागितलं नाही. चकली दुधाला शिवलीही नव्हती. वाटी काठोकाठ भरलेली होती. मला दिसत होती. ताई भिंतीला धरून खाली बसली. गार्गी तिला म्हणाली, “यू किल्ड हर,” आणि मी ‘गार्गी, असं बोलू नये’ म्हणालो — समजूतदार बापासारखा.

त्या तिघी बाहेरच्या खोलीत असताना मी पुढे झालो, चिकटपट्टी काढली आणि बटण बरोबर जागी आणलं. मेलेल्या सापाची पेटी मी गरम केली. कुणी तपासलंच तर सगळं ठीक असावं म्हणून. हात अजिबात थरथरत नव्हते. भीती वाटण्यासारखं पेटीत आता काही नव्हतं ना.

संध्याकाळी इमारतीमागच्या वाळूत गार्गीने चकलीला पुरलं. ताई खिडकीतून बघत होती. खाली यायचं तिला सुचलं नाही, आणि कुणी बोलावलंही नाही. तिने तिकीट अलीकडचं करून घेतलं. विमानतळावर मला म्हणाली, “पोरीचं मन मी मोडलं रे.” मी तिची बॅग ट्रॉलीवर चढवत होतो. चढवत राहिलो.

त्यानंतर ताई इथे आली नाही. नागपंचमीला पाटावर नाग काढायचंही तिने सोडलं, हे मला भाच्याकडून कळलं. गार्गी आता पुण्यात शिकते, आत्याच्या घरापासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर. जात नाही. फोनवर नीट बोलते, तब्येत विचारते, थँक्यू आत्या म्हणते. ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं. गेल्या श्रावणात ताईने मला विचारलं, “गार्गीला अजून राग आहे का रे माझा?” मी म्हणालो, नाही गं, ती कधीच विसरली.

आता भीती सापाची नाही. फोनवर ताईचं नाव दिसलं की पोटरीतलं बळ जातं. ती एखाद्या दिवशी विचारेल म्हणून नाही. ती कधीच विचारणार नाही म्हणून. तिचं वय झालंय, गुडघे गेलेत, आणि हे ओझं ती स्वतःचं समजून घेऊन जाईल — जाण्याआधी गार्गीसाठी काहीतरी ठेवूनही जाईल, मला ठाऊक आहे.

थर्मोस्टॅट अजून घरात आहे, बाल्कनीतल्या कपाटात. बटणावर चिकटपट्टीचा डिंक राहिलाय.

चकलीला मी मारलं, ताईने नाही. हे मला ताईला सांगायचं आहे, तिच्यासमोर बसून. आणि मग गार्गीला, ताईच्या देखत. दोन्ही अजून झालेलं नाही.