बोरकुटेभाऊंचा ड्रायव्हर

किस्से कुठेही जमतात, पण जिथे चार शहाणीसुरती माणसं रोज संध्याकाळी हातात काठ्या घेऊन एक पांढरा बॉल हुडकत फिरतात, तिथे जरा जास्तच जमतात. चंद्रपूरजवळच्या आमच्या खाणीच्या कॉलनीत नऊ होलचं गोल्फ कोर्स आहे म्हटलं की पुण्याचे नातेवाईक आधी हसतात. हसोत बापडे! खाणीतून निघालेली माती सपाट करून, वर गवत लावून ते बनवलंय. मी कॉलनीच्या दवाखान्यातली डॉक्टर. खेळते वाईट, पण ऐकते छान. त्यामुळे सगळा साठा माझ्याकडे.

सगळ्यात जास्त किस्से बोरकुटेभाऊंचे. भाऊ म्हणजे खाणीचे सर्व्हेअर, मूळचे मार्कंड्याकडचे. आयुष्यभर खाण मोजली. एक इंचही इकडचा तिकडे केला नाही. एकदा मोठ्या साहेबांनी हळूच सुचवलं, "आकडा जरा ॲडजस्ट करा ना." भाऊ म्हणाले, "साहेब, डोंगराले विचारून येतो, तो सरकते काय!"

साहेबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

*

आमच्या पाचव्या होलला मधे नाला आहे. उन्हाळ्यातही वाहतो, कारण खाणीतलं पाणी पंपाने त्यात सोडतात. काळं पाणी. बॉल पडला की कोळशासारखा होऊन निघतो. बावीस वर्षांत भाऊंचा पहिला फटका एकदाही नाल्यापलीकडे गेला नव्हता.

आणि आता मे महिन्याच्या शेवटी भाऊ रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून गावी जाणार.

"डॉक्टरबाई, मले बाकी काही नाई पायजे," ते मला म्हणाले, "फक्त एकदा त्या नाल्याच्या पार बॉल गेला पायजे."

"मग अडलंय कुठे?"

"ड्रायव्हरमंदी!"

ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची मोठ्या डोक्याची काठी. भाऊंचा ड्रायव्हर जुना होता. झालं, शोध सुरू!

*

नागपूरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. भाऊ, मी आणि आमचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर खोब्रागडे. खोब्रागडे मोबाईलवर गोल्फचे इतके व्हिडिओ बघतात की त्यांच्या बायकोलाही आता ग्रिप कशी धरायची ते पाठ आहे.

दुकानातल्या मुलीने भाऊंना मशीनसमोर उभं केलं, चार फटके मारायला लावले आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचा स्विंग स्लो आहे. तुम्हाला मऊ दांडीचा सूट होईल. हा घ्या." दांडीवर छापलं होतं, सीनियर.

भाऊ लाल! "सीनियर काऊन? मी काय म्हातारा झालो काय?"

"काका, तसं नाही..."

"काका" ऐकल्यावर तर विषयच संपला. भाऊंनी सगळ्यात कडक दांडीचा आणि बॉल वर उचलणारा तोंडाचा उतार सगळ्यात कमी असलेला ड्रायव्हर उचलला. पंचविशीतले पैलवान वापरतात तो. मी डॉक्टर म्हणून खांद्याबद्दल दोन शब्द बोलले. ते कुणीच ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिला फटका. बॉल जमिनीपासून वीतभरही उठला नाही, सरळ सरपटत गेला आणि नाल्यात!

"डायरेक्शन पाहिली काय?" भाऊ म्हणाले. "एकदम स्ट्रेट!"

*

मग खोब्रागडेंनी आपला ड्रायव्हर दिला. त्याचा उतार स्क्रूने कमीजास्त होतो. भाऊंच्या हातात स्क्रू आणि तोही मापाचा! त्यांनी ऑफिसातून पाणसळ आणली, ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवली आणि पाऊण तास बुडबुडा मधोमध आणत बसले. मागे खेळणारे लोक आम्हाला ओलांडून पुढे गेले, खेळून परत आले, चहा प्यायले.

शेवटी बुडबुडा बरोबर मधे आला आणि बॉल बरोबर नाल्यात गेला.

*

कमलबाईंची ओळख राहिलीच. पलीकडच्या जंगलातल्या गावच्या. कोर्सचं गवत त्या सांभाळतात आणि नाल्याच्या बांधावरून आमच्यावरही लक्ष ठेवतात. आमच्याकडे एक नियम आहे. कमलबाईंनी लाल फडकं वर केलं की पलीकडे जनावर आलंय असं समजायचं, खेळ तिथेच सोडायचा आणि मागे न बघता जीपकडे सुटायचं. बॉल गेला खड्ड्यात!

तर भाऊंचे हे प्रयोग दोन आठवडे बघून एक दिवस त्या बोलल्या, "साहेब, काठी काऊन बदलून राह्यले? काठी बराबर हाय. बॉलले लागायच्या आंधीच तुमची मुंडी वर होते."

भाऊ दुखावले. "मग बॉल कुठी गेला ते कोन पायीन?"

"मी हावो ना पाहाले!"

बावीस वर्षांतला सगळ्यात चांगला सल्ला, आणि तोही फुकट! भाऊ त्यावर तीन दिवस कोर्सवर फिरकले नाहीत.

*

इकडे खोब्रागडेंनी गुपचूप तो मऊ दांडीचा ड्रायव्हर मागवला आणि 'सीनियर' या अक्षरांवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. भाऊंनी दोनदा हवेत फिरवून बघितला. खूश!

"ह्याले म्हनतात ड्रायव्हर! पन ही पट्टी काऊन लावली?"

"शॉक लागू नये म्हणून," खोब्रागडे म्हणाले.

इलेक्ट्रिकलचा माणूस बोलला म्हटल्यावर भाऊंनी मान डोलावली. मला खोकला आल्याचं नाटक करावं लागलं.

*

शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक येणार होता. पाचवा होल. कमलबाई बांधावर उभ्या, आम्ही मागे.

भाऊंनी मुंडी खाली घातली आणि फटका मारला. आवाज असा खणखणीत आला की आम्ही चमकलोच! आणि त्याच क्षणी कमलबाईंचं लाल फडकं वर!

नियम म्हणजे नियम. पळालो. बॉल कुठे गेला ते कुणीच बघितलं नाही. भाऊंची मान तर तेव्हाही खालीच होती, तसंच त्यांना ओढत नेलं.

सकाळी ट्रक भरत असताना कमलबाई आल्या. पदराच्या गाठीतून बॉल काढून भाऊंच्या हातावर ठेवला. त्यावर भाऊंची लाल ठिपक्याची खूण होती.

"पार गेल्ता साहेब. त्या बाजूले सापडला."

"आणि काल काय आलं होतं हो?" मी विचारलं.

"अस्वल," त्या म्हणाल्या. पदराच्या गाठीला काळा डाग पडला होता.

भाऊंनी बॉल रुमालाने पुसला. रुमाल बघितला, घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मोजून घेऊ."

ट्रक थांबवला. मोजणीचं यंत्र ऑफिसातून शेवटचं मागवून आणलं, पाचव्या होलवर उभं केलं. कमलबाई मापाचा दांडा घेऊन नाला ओलांडून गेल्या. चालतच राहिल्या. पार त्या मोहाच्या झाडाजवळ, जिथे खोब्रागडेंचाही बॉल कधी गेला नाही, तिथे त्यांनी दांडा उभा केला.

भाऊंनी यंत्राला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग मान वर केली आणि हाताचा कर्णा करून ओरडले,

"बाई, थोड्या अलीकडे या!"