मालतीताईंनी टेबल फिरवलं

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या स्टँडवर चुकीच्या एसटीत बसलो होतो. फोन वैशालीचा. "काका, ताई गेल्या… झोपेतच." मी खाली उतरलो आणि पहिला विचार आला तो असा, की आता मला तोंडावर नालायक म्हणणारं गावात कुणी उरलं नाही.

त्याला महिना होऊन गेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ताईंच्या टायपिंग क्लासात आम्ही दर रविवारी कॉम्प्युटर मंडळ भरवायचो. ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला फुकट शिकवायचं. कॉम्प्युटर एकच, ताईंचा. सचिव मी, कारण सतरंजी मीच घालायचो. शिकणारा खुर्चीत, शिकवणारा त्याच्या पाठीमागं वाकलेला आणि माउसवरच्या हातावर त्याचा हात, ही आमची पद्धत. पुरुषापुरुषांत ते खपून जायचं. मग उंब्रजहून वैशाली यायला लागली, कॉलेजातली, मंडळातली पहिलीच मुलगी. सदाभाऊ नावाचे आमचे जुने सभासद तिला शिकवायला फारच उत्सुक. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिच्या हातावरून त्यांचा हात हलत नाही आणि सांगूनही ते मागं सरकत नाहीत. मी वडीलधाऱ्या सुरात म्हणालो, घरचीच माणसं आहेत, मनावर घेऊ नकोस. वर गैरसमज मिटावा म्हणून पुढच्या रविवारी तिला पुन्हा सदाभाऊंकडंच दिलं… असा मी मुत्सद्दी. वैशाली यायची बंद झाली, आणि तिचं शिकणंच थांबवायचं वडिलांनी मनावर घेतलं.

ताईंना कळलं तसं त्यांनी मला एसटीत घालून उंब्रजला नेलं. वाटेत मी घाबरून कंडक्टरशी गप्पा मारल्या. वैशालीचे वडील ओसरीवर बसले होते. "पोरीला परत धाडू व्हय? आन् पुन्यांदा तसंच झालं तर?"

"सदाभाऊंना मी कालच घरी बसवलंय," ताई म्हणाल्या. "पुन्हा झालं तर मंडळाला कुलूप. आणि हा नालायक तुमच्या गोठ्यात शेण काढायला."

वडील हसले, पण होकार दिला नाही. त्यांनी मुलीकडं बघितलं. ती दारातूनच म्हणाली, "मी येते. पण टेबल फिरवा. माझी पाठ भिंतीला पाहिजे."

टेबल फिरलं. शिकणाऱ्याच्या मागं भिंत, शिकवणारा टेबलापलीकडं, स्क्रीन न दिसता. ताईंनी फळ्यावर लिहिलं: मागं उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, तक्रार आली तर आधी ऐकायची. मंडळी कुरकुरली, आमच्यावर संशय का म्हणून. ताई मला म्हणाल्या, "मी मागं उभी राहिले की तुझी टायपिंगची बोटं अडकायची. माझ्यावर संशय होता का तुझा?" त्या रविवारी मला कळलं, की मला कॉम्प्युटर येतच नव्हता, दुसऱ्याचा माउस ओढून घेणं तेवढं येत होतं. तोंडानं काही सांगता येईना. शेवटी वैशालीच म्हणाली, "काका, निदान काय दिसतंय ते तरी विचारा."

हळूहळू त्या खुर्चीसाठी मुलींची रांग लागायला लागली… परवा क्लासात गेलो. हल्ली तो वैशाली चालवते. भिंतींना नवा पोपटी रंग, पण खुर्चीच्या मागं, डोक्याच्या उंचीवर, तेलाचा काळपट डाग तसाच. निवांत मागं टेकलेल्या कितीतरी वेण्यांचा. दर वेळी रंगारी विचारायचा आणि ताई म्हणायच्या, "तेवढं सोड रं." यंदा ते वैशालीनं सांगितलं.