कांताआक्कांचं हॅलिफॅक्स

चटणी कुटायची म्हटली की निपाणीतली निम्मी पेठ कांता मगदूम यांच्या डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, यायची. नवरा कुंथुनाथ अचानक गेला तेव्हा मुलगा अभिनंदन शाळेत होता. भाऊबंद म्हणाले, यंत्र विकून टाक, बाईमाणसाला मिरची कुटायचा धंदा झेपायचा नाही. आक्कांनी विकलं नाही. तोंडाला पदर गुंडाळून त्या स्वतः डंकासमोर उभ्या राहिल्या आणि संकेश्वरी मिरचीच्या खकाण्यात खोकत खोकत पोराला बेळगावात शिकवून इंजिनिअर केलं.

अभिनंदन लग्न होऊन कॅनडाला गेला. हॅलिफॅक्स नावाचं समुद्रकाठचं गाव. फोनवर तो बंदर दाखवायचा, बोटी दाखवायचा. आक्का शेजारणींना हाक मारून बोलवायच्या आणि कौतुकानं त्यांच्यासमोर फोन धरायच्या. मग तिकडं मुलगी झाली, प्रियदर्शनी. पाळणाघरात जागा मिळेना, आणि एकदा मिळाली ती परवडेना. सून अनुराधाची रजा संपत आली होती. अभिनंदननं गळ घातली की आई, आता तू कायमचीच ये. निपाणीचं घर आणि डंक विकू, त्यात आमची थोडी पुंजी घालू आणि इथं स्वतःचं घर घेऊ. आक्कांना पटलं असं नाही, पण नातीचं तोंड बघितल्यापासून जीव तिकडंच ओढत होता. घर विकलं गेलं, डंकही गेला. त्यांच्या हाताखाली राबणारी अंबुबाई विड्या वळायच्या कामाला लागली. निघायच्या दिवशी आक्का जैन बस्तीत जाऊन भगवंताचं दर्शन घेऊन आल्या, आणि सरळ गाडीत बसल्या. घराकडं मान वळवली नाही.

सुरुवातीचे महिने बरे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरातून दोन इमारतींच्या फटीत समुद्राची एक पट्टी दिसायची. नातीला मांडीवर घेऊन आक्का तिथं बसायच्या. पोर त्यांच्याशिवाय झोपत नव्हती.

घर मात्र मिळेना. रविवार आला की तिघं घरं बघायला जायची, प्रियदर्शनी कडेवर. आवडलेलं घर दुसरा कुणीतरी वाढीव बोली लावून घ्यायचा. पुढच्या रविवारी तसंच घर आणखी महाग झालेलं असायचं. आक्कांच्या उभ्या जन्माची कमाई खात्यात पडून होती आणि भाव तिच्यापुढं पळत होते. तेवढ्यात मालकानं राहती इमारत विकली. नव्या मालकानं भाडं असं वाढवलं की अभिनंदन दोन दिवस धड जेवला नाही. शेवटी शहराबाहेर एका घराचं तळघर मिळालं. समुद्र तिथून बसनं तासाभरावर. खिडकी जमिनीच्या पातळीला, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे, आणि बर्फ पडलं की तेही नाही.

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. आक्कांनी पहिल्याच सकाळी फोडणीत लाल मिरच्या टाकल्या आणि ती ठसकत खाली आली. बाई वाईट नव्हती, पण परत असा वास नको म्हणून सांगून गेली. अनुराधानं ते आक्कांना मराठीत सांगितलं तेव्हा तिलाच ओशाळल्यासारखं झालं. त्या दिवसापासून घरात उकडलेलं आणि वरनं तिखट-मीठ भुरभुरलेलं शिजायला लागलं.

थंडीत तिथं साडेचारलाच दिवस मावळायचा. आक्कांनी जन्मात कधी दिवस बुडाल्यावर अन्नाला हात लावला नव्हता. त्यामुळं मुलगा-सून कामावरून येईस्तोवर त्यांचं जेवण कधीच उरकलेलं असायचं, भिंतीकडं तोंड करून, एकटीचं. पुढं अभिनंदन ऑफिस सुटल्यावर गाडी घेऊन लोकांच्या दारात जेवणाचे डबे पोचवायला जाऊ लागला. घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना दुसऱ्यांच्या जेवणाचा वास यायचा. घरासाठी राखून ठेवलेल्या पैशातनं भाडं जायला लागलंय हे आक्कांना कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी घरं बघायला जायचं बंद झालं, त्यावरून त्यांनी ओळखलं.

दुसऱ्या हिवाळ्यात अनुराधाची नोकरी गेली. आता ती दिवसभर घरातच. पोरीला न्हाऊ-माखू घालायची, भरवायची. आक्का हात पुढं करायच्या तर म्हणायची, राहू द्या आई, मी हायच की. ती मायेनंच म्हणायची. पण एवढ्याशा जागेत दोन बायका एकमेकींना चुकवत हिंडू लागल्या. याहून लहान जागा बघायचं नवराबायकोत चाललं होतं, कन्नडमध्ये, हळू आवाजात. कर्नाटकातल्या निपाणीच्या बाईला कन्नड येत नसेल असं त्यांना वाटलं की काय, कुणास ठाऊक. की कळावं म्हणूनच बोलत होते.

एका दुपारी अभिनंदन त्यांना एकटीलाच समुद्रावर घेऊन गेला. वारा असा की उभं राहवत नव्हतं. तो बोटींबद्दल बोलला, थंडीबद्दल बोलला, मग कठड्याशी नुसता उभा राहिला. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की असाच उंबऱ्यात उभा राहायचा. आक्कांनीच तोंड उघडलं.

“अभी, मी गावाकडं जाऊ म्हंते.”

त्यानं पाण्यावरची नजर काढली नाही. आक्का वाट बघत राहिल्या. नको म्हणेल, निदान का म्हणून विचारेल.

“पुढच्या महिन्यात तिकीट स्वस्त हाय, आई,” तो म्हणाला.

म्हणजे त्यानं आधीच बघून ठेवलं होतं. आक्कांनी शाल डोक्यावरून घट्ट ओढून घेतली आणि म्हणाल्या, “मग पुढच्या महिन्यातच जाती.”

परतीच्या वाटेवर तो गाडी चालवता चालवता रडला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

निपाणीत लोकांनी विचारलं, तेव्हा थंडी सोसली नाही एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. रोज तिकडनं जायचं आणि रोज तेच उत्तर द्यायचं, हे त्यांच्यानं होईना. महिनाभर चुलतभावाकडं काढून त्या बेळगावला आल्या, अनगोळात एक खोली घेतली. जवळच जैन मुलांचं वसतिगृह आहे, तिथल्या स्वयंपाकघरावर देखरेख करतात. पोरं त्यांना आजी म्हणतात. त्यातली दोन-तीन दरवर्षी परदेशी जातात. जाताना पेढे ठेवून पाया पडतात, आणि आक्का पेढा न खाता सगळ्यांना वाटून टाकतात.

अभिनंदनचा फोन रविवारी येतो. प्रियदर्शनी आता इंग्रजीतच बोलते. क्षणभर आजीकडं बघते आणि खेळायला पळून जाते. तिची पाठ दिसते, मग नुसती भिंत दिसते. मायलेक हवापाण्याचं बोलतात. घराचा विषय तो काढत नाही, आक्काही काढत नाहीत.