सौ. लावून उघडलेला पेपर

नव्वदच्या दशकात भिवंडीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. विद्यार्थी तीन, त्यातला एक माझा सख्खा भाऊ. तरी वहिनी शिकवत होत्या त्या शाळेने पहिला कॉम्प्युटर घेतला आणि ‘प्रोग्राम कोण लिहिणार?’ असा प्रश्न आला, तेव्हा हात वर करणारा मीच.

काम झकास होतं! दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर आता कपाटात नाही, कॉम्प्युटरात राहणार. शिक्षकाने नाव आणि परवलीचा शब्द टाकला की पेपर उघडणार. मात्र ज्यांचं मूल दहावीत, त्यांची नावं मनाई-यादीत. तिथे पहिलंच नाव वहिनींचं, कारण पुतणी दहावीला. मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी खरे पेपर भरणार होते. आदल्या दुपारी मी एक जुना पेपर घातला आणि ऐटीत म्हणालो, “वहिनी, उघडून दाखवा. उघडला तर क्लास बंद करतो!”

त्यांनी एका बोटाने नाव आणि परवलीचा शब्द टाईप केला. पेपर पडद्यावर!

“भावोजी, हे कुलूप लावलंत की तोरण?”

सकाळपासून मी त्यांचंच नाव वीसदा टाकून पाहिलं होतं, दर वेळी नकार आला होता. “परत टाका बघू.” या वेळी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. नावाआधी ‘सौ.’! लग्न झाल्यापासून त्यांनी नुसतं नाव कधी लिहिलं होतं?

शाळेत सगळेच श्री. नाहीतर सौ. लावतात, म्हणून ते काढून टाकणारी ओळ मीच हौसेने घातली होती. पण कुठे? मनाई-यादी बघून झाल्यावर! म्हणजे पहारेकऱ्याने ‘सौ.’वाल्या बाईंना ओळखलंच नाही. आत गेल्यावर माझ्या ओळीने ‘सौ.’ काढलं आणि शिक्षकांच्या यादीने ‘या बाई, या’ म्हणत पेपर हातात दिला.

लाज वाटायला हवी होती. मी मात्र खुर्चीतून उडालो, “सापडलं! सापडलं!”

वहिनी हसत नव्हत्या. “उद्या हे कोणाला कळलं असतं, तर पोरीच्या खऱ्या मार्कांनाही लोक म्हणाले असते, आईने पेपर फोडला.”

दोन ओळींची अदलाबदल. आधी ‘सौ.’ काढायचं, मग यादी बघायची. पाच मिनिटांचं काम. वहिनी पुन्हा बसल्या. ‘सौ.’? नाही. ‘श्रीमती’? नाही. ‘कु.’सुद्धा लावून पाहिलं. नाही! दर नकाराला त्या टाळ्या वाजवत होत्या.

मग पदर खोचून उठल्या. “चला, पोरीला सांगते, बस अभ्यासाला. आईचा आता काही उपयोग नाही.”