तळ्यावरचे पाहुणे

"मास्तर, चपला काढा. मंडळी बसल्यात."

तळ्याच्या बांधावर पाऊल टाकण्याआधी आप्पा हे म्हणणारच. समोर शेवाळ, म्हशींनी तुडवलेला काठ, आणि त्या चिखलात आम्ही दोघे अनवाणी, चपला हातात. येणारेजाणारे बघत आणि बिचारे काही विचारत नसत.

आप्पा मूळचे सदलग्याचे. जैन, देहाने भरभक्कम, बेळगावात तंबाखूचं दुकान टाकून राहिलेले. मी टिळकवाडीतला शाळामास्तर. पक्षी बघायचा नाद माझा. सोबत म्हणून एका हिवाळ्यात त्यांना कॅम्पापलीकडच्या तळ्यावर नेलं आणि माझा नाद त्यांनी कायमचा ताब्यात घेतला.

तुम्ही आम्ही पक्ष्याची चोच बघतो, पंख बघतो. आप्पा आचरण बघत. डोक्यावर काळे पट्टे असलेले करडे हंस त्यांनी पहिल्याच दिवशी पारखले. पावसाळाभर दिसत नाहीत, दिवाळी सरली की येतात, गवत खातात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. "चातुर्मास संपवून निघालेलं त्यागी हायत ह्ये," असा निकाल त्यांनी देऊन टाकला. एका पायावर उभ्या बगळ्याकडे मात्र ते पाठ फिरवत. "सोंग हाय त्ये, मास्तर. मासं खातंय." हेच हंस रात्री शेजारचा हरभरा फस्त करतात, हे काठावरच्या शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. पण दिवस मावळल्यावर अन्नाला न शिवणाऱ्या आप्पांना ते सांगायचा धीर कुणालाच झाला नाही.

जैन मुनी आहाराला निघाले की गृहस्थ कलश घेऊन दारात उभे राहतात आणि 'तिष्ठ, तिष्ठ', म्हणजे थांबा, अशी विनवणी करतात. मुनी थांबले तर घराचं भाग्य. आप्पा लोटा घेऊन बांधावर उभे राहत आणि हंसांची रांग वर दिसली की लोटा कपाळाला लावून म्हणत, "तिष्ठ, तिष्ठ." ती पाण्यावर उतरली की यांच्या डोळ्यांत पाणी. "आपलं ऐकलं बगा." मी हसू दाबत असे. पुढे पुढे मीही पुटपुटू लागलो, काय करणार.

एका शनिवारी कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाचा खानसामा तंबाखू न्यायला आला आणि सांगून गेला, उद्या सकाळी साहेब तळ्यावर शिकारीला येणार. आप्पांचा चेहरा उतरला. हंस थांबले तर मरणार. वाचवायचे तर हाकलायचे.

"दारात आलेल्याला जा म्हटलं न्हाई कवा," एवढंच ते म्हणाले.

उजाडता उजाडता आम्ही बांधावर. आप्पांनी आधी हात जोडून हंसांना सगळी परिस्थिती समजावली. मराठीत सांगितली. कुणाला कुठली भाषा कळते काय सांगावं, म्हणून कन्नडातही सांगितली. "होगरी, होगरी," निघा आता. हंस चरत राहिले. रोज इतक्या आग्रहाने थांबवून घेतल्यावर ते तरी का उठतील?

तेवढ्यात रस्त्यावर टांगा वाजला. आप्पांनी डोळे मिटले, छत्री उघडली आणि "जावा की आता" म्हणत धोतरासकट चिखलात धावले. अख्खं तळं उठलं. बगळासुद्धा. आप्पा गुडघाभर चिखलात छत्री धरून उभे, ऊन नाही की पाऊस नाही.

साहेब बंदूक घेऊन आला आणि मला विचारू लागला, पक्षी कुठे आहेत? मी आप्पांना विचारलं.

"उपास हाय म्हणावं त्यांचा."

मी इंग्रजीत सांगितलं की मंडळी आज कुणाला भेटणार नाहीत. साहेबाने टोपीला हात लावला आणि तो मुकाट परत फिरला. त्यांच्यात तशी पद्धत असावी.

काही दिवसांनी हंस परतले. मी धावत दुकानात गेलो. आप्पा लगबगीने उठले, टोपी घातली, उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"सगळी आल्यात?"

"सगळे आलेत. चला."

"तुमी जावा. मला बगून उठतील."

किती समजावलं, ऐकलं नाही. ते पुन्हा कधी तळ्यावर आले नाहीत. मला फार वाईट वाटे. मी एकटाच जायचो आणि येताना दुकानाशी थांबायचो. तंबाखू तोलता तोलता, मान वर न करता ते विचारत, "हायत?"

"आहेत, आप्पा."

ऊन तापू लागलं तसे हंस निघून गेले. ते जाणारच, हे आप्पांना माझ्याहून चांगलं ठाऊक. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हायत?"

मी म्हणालो, "आहेत, आप्पा."