वरचा एक

गुरुवारी सकाळी माझे पती गेले. मी गॅसवर चहा ठेवला होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

भेटायला येणारी माणसं आजाराबद्दल विचारतात. मी सांगते. पण ती उठून गेली की मला आजार आठवत नाही. मला खाणीवरचा धर्मकाटा, म्हणजे ट्रक तोलायचा काटा आठवतो, आणि एका आठवड्यात आम्ही दोघं जे हसलो ते हसणं आठवतं. ते लिहावं असं काही दिवसांपासून मनात आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमसरच्या पुढे, मँगनीजच्या एका खाणीवर आम्ही राहत होतो. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी नागपूरची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, खाणीच्या कचेरीत आकडेवारीचं काम करायची. ते अड्याळचे, आधी नागपूरला कामाला. संगणक शिकलेला माणूस तेव्हा आमच्या भागात दुर्मीळ होता, म्हणून खाणीनं त्यांना एका कामापुरतं घेतलं होतं. काट्यावर चढलेल्या प्रत्येक ट्रकचं वजन नव्या संगणकात आपोआप उतरलं पाहिजे, एवढंच ते काम. जमलं तर नोकरी कायम, नाही तर नागपूरला परत. म्हणजे ते तिकडे आणि मी इकडे. आमच्या नात्यात अशी जोडपी होती, एक जण गोंदियाला, एक जण वर्ध्याला, आणि संसार रेल्वेच्या वेळापत्रकावर. मला तसं राहायचं नव्हतं. त्यांनाही नव्हतं, पण ते बोलून दाखवत नसत.

संगणकाला एखादं उपकरण जोडलं की त्या उपकरणाशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे ऐकून काट्यावरचे ट्रकवाले फार खूश झाले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या चालकानं माझ्या नवऱ्याला विचारलं, त्या ड्रायव्हरले भत्ता भेटते का? हे म्हणाले, जेवणही भेटत नाही. म्हातारा म्हणाला, मंग तो आपल्यातलाच आहे.

पण तो ड्रायव्हर चालेना. पहिला ट्रक चढायचा, वजन उमटायचं, पावती निघायची. दुसरा ट्रक चढला की पडद्यावर आकड्यांची एक ओळ यायची आणि सगळा संगणक गप्प. बंद करून पुन्हा सुरू करायला बराच वेळ लागायचा. सुरू झाला की पुन्हा पहिला ट्रक सुखरूप आणि दुसऱ्याला तेच. चालकांना हे लवकरच कळलं आणि काट्याच्या अलीकडे एक विचित्र सौजन्य सुरू झालं. जो तो दुसऱ्याला हात दाखवून म्हणायचा, चला भाऊ, तुम्ही पुढं. पहिला कोणी निघून गेला की मागचा इंजिन बंद करून बिडी पेटवायचा. नागपूरच्या जुन्या यंत्रावर हाच प्रोग्राम महिनाभर बिनतक्रार चालला होता, म्हणून ह्यांचा प्रोग्रामवर संशयच जाईना. त्यांनी तारा बदलल्या, वीज मोजली, खाणीची धूळ पुसली. काट्याच्या चौकीदारानं आपल्या परीनं नारळ फोडला. खोबरं चांगलं निघालं, संगणकात फरक पडला नाही.

खाणीचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण ट्रकांची रांग फाटकाबाहेर गेल्यावर त्यांचाही धीर सुटला. शनिवारची पहिली पाळी त्यांनी ठरवून दिली. त्या पाळीत सगळे ट्रक अडथळ्याशिवाय गेले नाहीत तर यंत्र परत जाईल. यंत्राबरोबर कोण जाईल ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. वाचता मात्र काहीही येतं, आणि घरात नवं पुस्तक म्हणून त्या यंत्राच्या प्रोसेसरचं जाडजूड माहितीपुस्तकच होतं. दुपारच्या सुट्टीत जेवताना मी ते वाचायला लागले. त्यात एक गोष्ट आली. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीनं बांधलेली घरं, प्रत्येकाला क्रमांक. हे यंत्र दोन घरांतला माल एकदम उचलू शकतं, पण त्या जोडीतलं पहिलं घर सम क्रमांकाचंच हवं. विषम क्रमांकापासून जोडी धरली तर यंत्र काम टाकून उभं राहतं. आमची कॉलनी तशीच होती. पहिलं क्वार्टर साहेबांचं, एकटं. पुढे दोन-तीन, चार-पाच अशा जोड्या. चार आणि पाचचं अंगण एक, पाच आणि सहाच्या मधे भिंत. चारमधल्या बाईनं पाचमधून भांडं उचलावं, पण पाचमधलीनं सहामध्ये हात घालायचा म्हटलं तर हात भिंतीवरच आपटेल.

यंत्र थांबताना जी ओळ दाखवायचं तिच्यात स्मृतीचा एक पत्ता असायचा. ह्यांनी रोज काही ना काही बदल केल्यामुळे तो पत्ताही रोज बदलायचा. पण मी जेव्हा जेव्हा पाहिला तेव्हा तो विषमच होता. गुरुवारी दुपारी मी त्यांना तसं म्हटलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, छापलेला प्रोग्राम आणला आणि आम्ही ताटं बाजूला सारून तो जमिनीवर पसरला.

एका ट्रकची माहिती ठेवायला त्यांनी एक खण केला होता, आणि असे खण एकाला लागून एक मांडले होते. एक खण भरत असताना दुसरा वाचायचा, अशी व्यवस्था. मी खणाची लांबी पाहिली. एक्कावन्न घरं. त्यातल्या माहितीची बेरीज केली, ती पन्नास भरली.

"हे पन्नासाच्या जागी एक्कावन्न काहून?" मी विचारलं.

भाजीत मीठ काहून असं मी विचारल्यासारखे ते माझ्याकडे पाहू लागले.

"पन्नास कसं लिहू? शून्यावर हात थांबवत नाहीत."

त्यांचे वडील अड्याळच्या बाजारात धान मोजून द्यायचे. मोजणी पुरी झाली की वर एक पसाभर धान टाकल्याशिवाय ते पोत्याचं तोंड बांधत नसत. घरात कोणाला काही द्यायचं तर अकरा, एकवीस, एक्कावन्न. कोरा दहा किंवा पन्नास कोणाच्या हातावर ठेवला नाही; वरचा एक शकुनाचा. मुलगा संगणक शिकला आणि तिथेही तसाच वागला. स्मृती द्यायची तर वर एक टाकून द्यायची.

मग बेरीज सरळ होती. पहिला खण सम घरापासून सुरू. त्याच्यापुढे एक्कावन्न घरं टाकून दुसरा खण, म्हणजे तो विषम घरापासून. पहिल्या ट्रकचं वजन एका अंगणात, दुसऱ्याचं भिंतीच्या दोन बाजूंना. नागपूरचं जुनं यंत्र दोनदा वाकून तेही उचलायचं, म्हणून तिथे कोणाला पत्ता लागला नाही.

मला हसू आलं. आधी मी ते दाबलं, कारण त्यांचा चेहरा पडला होता. मग तेच हसायला लागले. शेजारच्या काकू खिडकीशी येऊन विचारून गेल्या, काय होऊन राहिलं जी? जेवण पानात तसंच होतं.

"पन्नास करा आता," मी म्हटलं.

"नाही होत."

"अहो, नोकरी जाते ना."

त्यांनी थोडा विचार केला. "बावन्न करतो. एक शकुनाचा, एक मशीनचा."

"बावन्न तर पत्ते असतात."

"मंग जुगार तं जुगार," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

शुक्रवारचा सगळा दिवस आम्ही त्यांचे शकुन शोधण्यात घालवला. कारण ते एकाच जागी नव्हते. ट्रकच्या क्रमांकासाठी एकवीस, पावती छापणाऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये एकशे एक. मी वाचत जायची, सापडला की बोट ठेवायची, आणि ते मान खाली घालून आणखी एक वाढवायचे. एके ठिकाणी मला तीनशे एक सापडले. मी म्हटलं, हे कोणाच्या लग्नाचं? त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. पुढे त्यांनी वजनाची दोन घरं वेगवेगळी उचलून मग जोडायची पक्की सोयही केली, पण शनिवार तरला तो बावन्नवर.

शनिवारी पहिला ट्रक गेला. त्याचं कोणालाच कौतुक नव्हतं. दुसऱ्या ट्रकवर तो म्हातारा चालक होता. बाकीच्यांनी त्यालाच पुढे ढकललं होतं. ट्रक काट्यावर आला. व्यवस्थापक दारात उभे होते, ह्यांची नजर पडद्यावर, माझी ह्यांच्यावर. म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"बाई, अटकली का?"

तेवढ्यात पावती छापायला सुरुवात झाली. तो आवाज कर्कश होता. मी त्यानंतर पुष्कळ चांगलं संगीत ऐकलं आहे, तरी असं म्हणते की तो आवाज गोड होता.

"नाही अटकली," मी म्हटलं. "जा तुम्ही."

तिसरा गेला, चौथा गेला. मग कोणी मोजेना. चालकांना कोणाला पुढे जा म्हणायचं कारण उरलं नाही आणि ते नेहमीसारखे हॉर्न वाजवत, एकमेकांना शिव्या देत घुसू लागले. व्यवस्थापक थोडा वेळ थांबले आणि ह्यांना म्हणाले, सोमवारी कचेरीत या, कायमचे कागद करून टाकू.  हे माझ्याकडे पाहून चष्मा पुसू लागले.

निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघं त्याच खाणीवर होतो. आमच्या संसाराला रेल्वेचं वेळापत्रक कधी लागलं नाही. नंतर तुमसरला घर बांधलं आणि तिथेही एकत्र राहिलो. त्या घरात आता मी एकटी राहते.