अडचणीची पेटी

किस्से मी काही मुद्दाम जमवत नाही. ते कुसळांसारखे लुगड्याला चिकटून येतात आणि घरी येऊन निवांत बसलं की टोचायला लागतात! लोक म्हणतात, "सिस्टर, तुमच्याकडं भरपूर स्टॉक आहे, एखादा हसवणारा सांगा की." सांगते. हसायचं तर खुशाल हसा. पण मला ते आठवले की अजून तळपायाची आग मस्तकात जाते, हे आधीच सांगून ठेवते. मग म्हणू नका, बाई चिडून का बोलतेय!

बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात होते. दुष्काळी कामांवर फिरणारं दवाखान्याचं पथक होतं आमचं. पथक म्हणजे काय, तर एक जीप आणि तीन माणसं. पुण्याहून नुकतेच पास होऊन आलेले डॉक्टर, ड्रायव्हर शेखमामा आणि मी नर्स. आमच्या डोक्यावर नगरचे एक साहेब. त्यांचं नाव मी घेत नाही. घेतलं तर चूळ भरावी लागेल!

आणि एक सगुणा. ती पाझर तलावाच्या कामावर पाट्या उचलायची. पोटुशी होती. ती ऊसतोडीला गेली असताना तिचं मागचं बाळ फडातच जन्मलं आणि फडातच गेलं. म्हणून या खेपेला तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "बाई, ह्ये तरी दवाखान्यात हू द्या." मी शब्द दिला. "कळा सुरू झाल्या की मुकादमाला सायकलवर पिटाळ, जीप येईल. आणि रस्त्यातच वेळ आली तरी घाबरू नकोस, सगळं सामान जीपमध्ये असतं." तेव्हापासून जीप कामावर पोचली की ती आधी मागं येऊन डोकावायची. "माजं सामान हाय न्हवं?" मी म्हणायची, "आहे गं बाई, आहे!"

*

हे सामान म्हणजे शेखमामांचं राज्य. मामा भिंगारचे, लष्करात गाड्या चालवून रिटायर झालेले. जीप भरायची त्यांची एक पद्धत होती. संकटात जे सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी ठेवायचं, म्हणजे हाताशी राहतं. तळाला ताडपत्री आणि फळ्या, त्यावर फावडं, मग जॅक, जाडा दोर, पाण्याचे कॅन आणि सगळ्यात वर माझी पेटी. पेटीत पट्ट्या, कापूस, औषधं, आणि बाळंतपणाचं सामान: नवी ब्लेड, उकळलेला दोरा, रबरी शीट, स्वच्छ कापड. स्टेपनी मागं पक्की आवळलेली. कुणी हात लावलेला मामांना खपायचा नाही.

एकदा दुसऱ्या खात्याचा ड्रायव्हर जॅक मागायला आला. मामा म्हणाले, "जॅक आणि बायको उसनी मागायची नसते!"

मी म्हटलं, "मामा, बायकोला कशाला मध्ये आणता?"

"बायकोला कोण नेतंय सिस्टर? काळजी जॅकचीच आहे!"

*

आमचे डॉक्टर पहिल्या दिवशी एक भलीमोठी ट्रंक घेऊन आले. "इमर्जन्सीसाठी," म्हणाले. उघडली तर आत मच्छरदाणी, गमबूट, रेनकोट, शिट्टी आणि हातभर लांब टॉर्च. "जंगलात लागेल ना, सिस्टर. वाघबिघ आला तर?"

कर्जतात जंगल! त्या साली झाडाला पान नव्हतं, बाभळीच्या शेंगासुद्धा शेळ्यांनी संपवल्या होत्या. मामा ट्रंक उचलून खाली ठेवत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, इथं खायला काही उरलं असतं तर वाघ राहिला असता की!"

पोरगा सालस होता. त्यानं तो रेनकोट कामावरच्या एका म्हातारीला देऊन टाकला. तिनं त्याचं खोपीवर छप्पर केलं.

*

पण साहेब! साहेबांना जीपमधलं सगळं सामान म्हणजे अडगळ वाटायची.

एकदा ते आमच्याच जीपमधून कामं बघायला निघाले. पुढं त्यांच्याहून मोठे साहेब भेटणार होते, म्हणून वाटेत जीप थांबवली आणि राखीव कॅनमधलं पाणी काढून दाढी केली. दाढी करून थांबावं ना? तोंड धुतलं, मान धुतली, वर बुटांवरची धूळ धुतली! समोर बायका टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या. त्या नुसत्या बघत होत्या. मला इतकी लाज वाटली की जीपच्या पलीकडं जाऊन उभी राहिले.

मिरजगावच्या अलीकडं इंजिन तापलं. रेडिएटरमधून वाफा यायला लागल्या. मामांनी कॅन हलवला, ठणठणीत कोरडा.

"आता?" साहेबांनी विचारलं.

मामांनी सीटखालून साहेबांचाच सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट ओढला. साहेबांना गॅसेसचा त्रास, सोड्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. गाडी जरा निवू दिली आणि मामांनी एकेक बाटलीची गोटी दाबून सोडा रेडिएटरमध्ये ओतायला सुरुवात केली. फस्स! फस्स! साहेब "अरे, अरे, एखादी तरी ठेवा!" करत राहिले. शेवटची बाटली ओतली, आतून घुर्रर्र आवाज आला.

मामांनी झाकण लावलं. "इंजिननं ढेकर दिला साहेब. बसा आता."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. ते पाणी एखाद्याच्या जिवासाठी होतं, बुटांसाठी नव्हतं.

*

दोराचंही तसंच. तलावाच्या कामाच्या शुभारंभाला एक पुढारी येणार होते. मंडपाला दोर कमी पडला, तर साहेबांनी आमचा काढून दिला. मामांनी नको म्हटलं तर उत्तर काय? "तो काय सोन्याचा आहे का?"

इकडं भाषण सुरू, आणि तिकडं कामावरचा एक म्हातारा उन्हानं चक्कर येऊन पडला. अंग नुसतं भाजत होतं. त्याला जीपमध्ये घातला, आणि जीप निघते न निघते तोच चाक भुसभुशीत मातीत रुतलं. बैलजोडी होती, ओढायला गडी होते. दोर नव्हता! मी मंडपाकडं धावत गेले, साहेबांच्या कानाशी लागले. ते म्हणाले, "सिस्टर, भाषण होऊ द्या."

भाषण होऊ द्या! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मामांकडं नुसतं बघितलं. मामा सरळ मंडपाच्या मागं गेले.

पुढारी हात वर करून सांगत होते, "मायबाप हो, या संकटात आम्ही तुमचा आधार आहोत..." आणि आख्खा मंडप त्यांच्या डोक्यावर आला!

म्हातारा वाचला. साहेब पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढाच जिवाला आराम.

*

आता पेटीचं ऐका. तिच्यावर "आपत्कालीन पेटी" असं लिहून घ्या, असा वरून हुकूम आला. कर्जतचा पेंटर म्हणाला, "म्हंजी काय?" मामा म्हणाले, "अरे, अडीअडचणीला लागते ती." पट्ठ्यानं लाल रंगात झोकात लिहून टाकलं: अडचणीची पेटी.

कामावर मुकादमानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या खेपेला बघते तर जीपच्या मागं बायका घोळका करून उभ्या, पदर तोंडाला. मुकादम लांब गेल्यावर त्यातली एक सगुणाला ढोसायला लागली. शेवटी सगुणाच पुढं झाली.

"बाई, ह्या पेटीत आमची बी सोय हाय म्हनं? हिला अडचन आलीया. धडुतं न्हाई."

मला कळायला क्षण लागला. आपल्याकडं बाईच्या पाळीला अडचणच म्हणतात की! उन्हात दिवसभर खडी फोडायची, अंगावर एकच लुगडं, धुवायला पाणी नाही. कुणी विचारलं होतं त्यांना? त्यांना वाटलं, सरकारला सुचलं एकदाचं! मी कापूस काढला, पट्ट्या काढल्या, होतं नव्हतं तेवढं वाटून टाकलं. त्या दिवसापासून मी दर आठवड्याला घरची जुनी पातळं फाडून पेटीत भरायला लागले.

हे साहेबांना कळलं. सगळ्यांच्या देखत माझ्यावर ओरडले. "सिस्टर, इमर्जन्सी म्हणजे इमर्जन्सी! बायकांच्या असल्या भानगडींसाठी सरकारी कापूस नाही!"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी ही भानगड वेळेवर आली नाही तर ती इमर्जन्सी असते ना? मग इथं आल्यावर का नाही?"

साहेब जीपचा आरसा पुसायला लागले. डॉक्टर खाली वाकून बुटाची लेस बांधत बसले, पायात चपला असताना!

*

मग साहेबांच्या मेव्हणीचं लग्न निघालं, बेलापूरला. जीप त्यांनी मागवून घेतली. मामा जीप घेऊन नगरला बंगल्यावर गेले. तिथं ट्रंका, बिछाने, फराळाचे डबे आणि रुखवताची खोकी यांचा ढीग! साहेब म्हणाले, "हे सगळं भंगार उतरवा आधी."

"साहेब, स्टेपनी आणि जॅक तरी राहू द्या."

"टायर चांगले आहेत. काही होत नाही."

सगळं बंगल्याच्या व्हरांड्यात उतरलं. वऱ्हाड बेलापूरला पोचवून मामा परत बंगल्यावर आले, तर फाटकाला हे एवढं कुलूप. आतल्या व्हरांड्यात माझी पेटी दिसत होती म्हणे. तिच्यावर कुणीतरी पापड वाळत घातले होते!

मामा रिकामी जीप घेऊन कर्जतला आले तेव्हा मुकादम सायकल घेऊन माझ्या दारात उभा होता. सगुणाला कळा सुरू झाल्या होत्या. दवाखान्यातून ब्लेड, दोरा, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि निघालो. निम्म्या वाटेत टायर बसला. ना स्टेपनी, ना जॅक. शेखमामा स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. लष्करातला माणूस!

मी आणि डॉक्टर धावतच सुटलो. ऊन असं की जमिनीकडं बघवत नव्हतं. पोचलो तेव्हा खडीच्या ढिगाआड लुगड्यांचा आडोसा केलेला होता. मुलगी झाली होती, चांगली टणटणीत रडत होती. पण नाळ खुरप्यानं कापून झाली होती, आणि वर माती दाबली होती. बायांनी त्यांच्या परीनं केलं, त्यांना मी काय बोलणार?

आठवड्याच्या आतच पोरीचा जबडा आवळला. दूध ओढेना. धनुर्वात. डॉक्टरांनी जंग जंग पछाडलं. गेली.

सगुणानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेबांना मी जाऊन तोंडावर सांगितलं की ती पोर तुमच्या मेव्हणीच्या रुखवतानं मारली. ते म्हणाले, "सिस्टर, दुष्काळात असं होतंच." आजही ते वाक्य आठवलं की हातातलं भांडं भिरकावून द्यावंसं वाटतं.

*

थोड्याच दिवसांनी मुंबईहून फार मोठे पाहुणे काम बघायला आले. साहेब आदल्या दिवसापासूनच हजर! तलावाच्या कडेला नवी कोरी ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर आमच्या जीपचं सगळं सामान मांडलं. नवा दोर, तेल लावून चकाचक केलेला जॅक, एकाला दोन स्टेपन्या, काठोकाठ भरलेले कॅन. पेटी उघडी ठेवलेली, आणि आतली ब्लेड, दोरा, रबरी शीट पांढऱ्या टॉवेलवर ओळीनं लावलेली. बायकांना पुढच्या रांगेत उभं केलं होतं. त्यात सगुणाही होती.

पाहुणे सामानावरून नजर फिरवत आले. "वा, छान व्यवस्था आहे!" साहेब हात जोडून हसत होते. मग पाहुणे सगुणासमोर थांबले.

"काय बाई, सोय चांगली आहे ना?"

पाहुण्यांच्या मागून साहेबांनी तिला मान हलवून खूण केली, हो म्हण.

सगुणा पुढं आली. वाकून ती सगळं बघत गेली. पाणी बघितलं, दोरा बघितला, ब्लेड बघितली. मग ती सरळ उभी राहिली आणि पाहुण्यांना सोडून साहेबांकडं बघत म्हणाली,

"आज कुनाचं दिस भरल्यात, सायेब?"